व्यवसाय : इतर

आमच्या सोसायटीत भाडेकरूंसाठी एक फॉर्म असतो. नाव, मूळ गाव, शाकाहारी की मांसाहारी (हा रकाना नसायला हवा, पण आहे) आणि व्यवसाय. व्यवसायापुढे चार चौकोन : नोकरी, धंदा, सेवानिवृत्त, इतर. चौथ्या मजल्यावर राहायला आलेल्या मुलानं शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली, पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि 'इतर'च्या खाली दोन रेघा ओढल्या. मग सेक्रेटरींना म्हणाला, "तसा मी सगळ्याच रकान्यांत इतर आहे." सेक्रेटरी म्हणाले, "ते असू दे. डिपॉझिट चेकनं देणार की ऑनलाइन?"

तेव्हापासून तो आमच्यात 'इतर' झाला. त्याला हे नाव कळलं तेव्हा रागावण्याऐवजी त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

इतर चित्रकार आहे. असं मी म्हणतो. तो म्हणत नाही. चित्रकार म्हटलं की तो कसनुसा हसतो. तो 'आर्टिस्ट' आहे आणि त्याची 'प्रॅक्टिस' आहे. "माझी प्रॅक्टिस मुख्यतः बॉडी आणि मेमरीवर आहे," असं त्यानं पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघा दाखवायला त्याच्या दारात उभ्या. चित्रकाराचीही प्रॅक्टिस आणि डॉक्टरचीही, असा एकच माणूस मला ठाऊक आहे. सुधीर पटवर्धनांनी कित्येक वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून एक्स-रे वाचले आणि उरलेल्या वेळात लोकलमधली, इराण्याकडची, रस्त्याकडेची माणसं रंगवली. पण त्यांनी ती दोन खाती वेगळी ठेवली. आजींचा गुडघा त्यांच्याकडे गेला असता तर निदान फोटो तरी निघाला असता. इतरनं त्या गुडघ्याचं चित्रसुद्धा काढलं नाही. आजींची परवानगी घेऊन गुडघ्याचा कटकट आवाज रेकॉर्ड केला.

दिसायला तो चारचौघांसारखाच आहे, आणि हेच त्याचं दुःख आहे. ते झाकायला त्यानं बरेच उपाय केलेत. परदेशात गेला की कोल्हापुरी चपला घालतो, कोल्हापुरात गेला की परदेशी बूट. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यावर अशा एका म्युझियमचं नाव जिथं तो अजून गेलेला नाही. आडनाव त्यानं दोन वर्षांपूर्वी टाकलं. का टाकलं विचारलं तर म्हणतो, "आडनाव म्हणजे हिंसा." विजेचं बिल मात्र अजून आडनावानंच येतं आणि तो ते भरतो.

माझा त्याचा संबंध आला तो भाषांतरामुळे. मी पोटासाठी विम्याची माहितीपत्रकं आणि औषधांच्या डब्यांतल्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या मराठीत आणतो. चक्कर येऊ शकते, यंत्र चालवू नये, ही माझी शैली. हे कळल्यावर इतर एका रात्री लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या प्रदर्शनाचं निवेदन मराठीत हवं होतं, कारण अनुदान देणाऱ्या संस्थेची अट होती की स्थानिक भाषेतही मजकूर पाहिजे. निवेदन इंग्रजीत होतं. "तूच लिही की मराठीत," मी म्हणालो, "तू तासगावचा." तो म्हणाला, "सर, मी विचार मराठीत करत नाही." स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात हे मी विचारलं नाही, त्याचंही प्रदर्शन झालं असतं.

पहिलंच वाक्य होतं की हा कलाकार एका लिमिनल अवकाशात वास करतो. मी कोश पाहिले, डोकं खाजवलं आणि सरळ लिहिलं : 'हा कलाकार उंबरठ्यावर राहतो.' त्यानं ते पत्रक कौतुकानं घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन. तो स्पीकरवर टाकायची त्याला सवय, त्यामुळे मीही ऐकला. "आरं, उंबऱ्यावर बसू नको म्हणून लहानपणापास्नं सांगतीया तुला. आत तर ये, न्हाईतर भाईर तर जा!" समकालीन कलेवर इतकी नेमकी टीका मी नंतर कुठं वाचली नाही.

खरी पंचाईत 'अदर' या शब्दाची. त्याच्या चार पानी निवेदनात तो एकवीस वेळा होता. 'दुसरा' लिहावं तर 'माझं सारं आयुष्य दुसऱ्याच्या शोधात गेलं' असं वाक्य तयार होई आणि वाचणाऱ्याला वधू-वर सूचक मंडळ आठवे. 'परका' त्याला फार घरगुती वाटला. 'तिऱ्हाईत' कोर्टातला. 'परकायाप्रवेश' मी मोठ्या हौसेनं सुचवला, तो म्हणाला, "फार मिथॉलॉजिकल होतंय, सर." शेवटी मी म्हटलं, अरे, मराठीत एक अस्सल शब्द आहे, उपरा. तो खुर्चीतून उठला. "उपरा! वा! कुठून आणला?" मी कपाटातून लक्ष्मण माने यांचं १९८० सालचं 'उपरा' काढून दिलं. कैकाडी समाजातलं, गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरण्यातलं लहानपण आहे त्यात. इतर ते घेऊन गेला. आठवडाभर त्याच्या खोलीतलं संगीत बंद होतं. मग पुस्तक परत देताना दारातच म्हणाला, "नको सर. हा शब्द माझ्या मापाचा नाही." त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला. मग आम्ही 'इतरत्व' लिहिलं. तो शब्द कुणाच्याच मापाचा नसल्यामुळे कुणाची हरकत येत नाही.

पण माप तर हवंच. या धंद्यात (धंदा म्हटलेलं त्याला आवडत नाही) हल्ली अर्जाच्या पहिल्या पानावरच विचारतात की तुम्ही कुठल्या परिघावरून बोलता. इतरला परीघ सापडेना. वडील साइनबोर्ड पेंटर, आई गृहिणी, घर स्वतःचं, शाळा घरासमोर. त्यानं घराण्याचा इतिहास खणायला घेतला. तासगावात जाऊन म्हाताऱ्या आत्याला तीन दिवस प्रश्न विचारले. चौथ्या दिवशी आत्याला आठवलं की पणजोबा मूळचे अथणीचे. अथणी आता कर्नाटकात! इतर रात्रीच्या गाडीनं उजळ चेहऱ्यानं परतला. पुढच्या निवेदनात मी भाषांतर केलं : 'सीमेनं दुभंगलेल्या एका विस्थापित कुटुंबाचा हा वारस.' पणजोबा बैलगाडीनं आले तेव्हा मध्ये आजची सीमा नव्हती आणि ते आले होते ते सासऱ्यानं दुकान काढून दिलं म्हणून, हे आत्यानं मला नंतर सांगितलं. मी ते तळटिपेत घालू का विचारलं. तो म्हणाला, आर्काइव्हला स्वतःची शांतता असते.

आता मी त्याची थट्टा करतो म्हणून हा सगळा मामलाच थोतांड आहे असं कुणी समजू नये. भूपेन खक्करांचं बघा. मुंबईत वाढलेला, सनदी लेखापाल झालेला माणूस बडोद्याला जातो, पोटासाठी हिशेब लिहितो आणि सलूनवाले, घड्याळजी अशी चित्रं काढतो. १९८१ साली ते एक चित्र रंगवतात. एक उघडा माणूस गच्चीवर पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, लेक आणि गाढव यांची ती जुनी गोष्ट चाललेली आहे, ज्यात गाढवावर कुणीही बसलं तरी लोक नावं ठेवतातच. चित्राचं नावच असं की सगळ्यांना खूश करता येत नाही. आपण पुरुषावर प्रेम करणारे पुरुष आहोत हे उघड सांगणं तेव्हा सोपं नव्हतं. त्यांनी ते ओरडून सांगितलं नाही, गाढवाकरवी सांगितलं. ते चित्र आता लंडनच्या टेटकडे आहे. किंवा नागपूरचे सवी सावरकर घ्या. गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस ते कागदावर उभा करतात तेव्हा त्यांना परीघ शोधायला आत्याकडे जावं लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सास्ती नावाचं कोळसा खाणीचं गाव आहे. तिथला प्रभाकर पाचपुते कोळशानंच भिंतीवर खाणकामगार काढतो. माध्यम निवडायला त्याला कुठल्या रेसिडेन्सीला जावं लागलं असेल असं मला वाटत नाही.

रेसिडेन्सीवरून आठवलं. इतर दोन वर्षांपूर्वी युरोपात तीन महिने अशा एका मुक्कामाला होता. तिथल्या बाईंनी त्याची कामं पाहिली आणि गोड आवाजात विचारलं, "हे सगळं छान आहे, पण तुझं स्वतःचं, तुमच्याकडचं काही करत नाहीस का?" आता हाच प्रश्न लंडनच्या आर्ट स्कूलमध्ये यिंका शोनिबारे यांनाही त्यांच्या शिक्षकानं विचारला होता. शोनिबारे जन्मले लंडनमध्ये, वाढले लागोसला, आणि तेव्हा ते सोव्हिएत रशियातल्या घडामोडींवर काम करत होते. अस्सल आफ्रिकी काही का करत नाहीस म्हटल्यावर ते ब्रिक्सटनच्या बाजारात गेले आणि भडक रंगांचं 'आफ्रिकी' कापड घेऊन आले. त्या कापडाची गंमत अशी की ती नक्षी मुळात इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल, ती नक्कल केली डच गिरण्यांनी आणि खपवली पश्चिम आफ्रिकेत. त्या कापडाचे शोनिबारेंनी इंग्रज उमरावांचे घोळदार झगे शिवले. प्रश्न विचारणाऱ्यालाच तो प्रश्न नेसवला!

ही गोष्ट इतरला तोंडपाठ आहे. त्यानंच मला सांगितली. आणि तरीही त्या बाईंच्या प्रश्नावर त्यानं काय केलं? घरी फोन करून कुरिअरनं फेटा आणि घोंगडं मागवलं. घोंगडं त्यानं जन्मात कधी पांघरलं नव्हतं. उद्घाटनाला ते पांघरून दोन तास स्तब्ध उभं राहायचं होतं. हॉलमध्ये हीटर. विसाव्या मिनिटाला खाज सुटली. तिथल्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं म्हणे की कलाकाराच्या देहाची ती सूक्ष्म थरथर वसाहतवादाच्या जखमेची होती. कात्रण त्यानं फ्रेम करून लावलंय. मी भाषांतर केलं, पण 'लोकर' हा शब्द कुठं घालता येईना.

इतरच्या पिंजऱ्याचं प्रकरण पुण्यात झालं, पण त्याआधी मूळ पिंजऱ्याची गोष्ट. १९९२ साली, म्हणजे कोलंबसाला पाचशे वर्षं होत असताना, कोको फुस्को आणि गिलेर्मो गोमेझ-पेन्या हे दोघं कलाकार सोनेरी पिंजऱ्यात जाऊन बसले. आपण एका आजवर न सापडलेल्या बेटावरचे आदिवासी आहोत असं त्यांनी पाटीवर लिहिलं. माद्रिद, लंडन, वॉशिंग्टन असा तो पिंजरा फिरला. ही चेष्टा आहे हे लोकांना लगेच कळेल असं त्यांना वाटलं होतं. पुष्कळांना ते बेट खरंच वाटलं. लोक त्यांना केळी खायला देत, पैसे टाकून नाच बघत. माणूस माणसाकडे जनावरासारखं किती सहज बघू शकतो, हे इतक्या स्वस्तात फार थोड्यांनी दाखवलं असेल.

इतरनं या कामाला मानवंदना म्हणून एका कॉलेजच्या महोत्सवात पिंजरा लावला. आत तो, अंगाला राख, गळ्यात जुने मोबाईल. बाहेर पाटी : 'कृपया माझ्याकडे पाहा.' मीही गेलो होतो. त्याचा अंदाज एवढाच चुकला की गाव पुणे होतं आणि महिना भाद्रपद. लोकांनी पाहिलं, जाळी पाहिली, राख पाहिली आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. "कुठलं मंडळ?" एका गृहस्थांनी विचारलं. "जिवंत देखावा दिसतोय," त्यांची बायको म्हणाली, "पुढचा शो कितीला?" एका पोरानं अर्धी भेळ जाळीतून आत दिली. कुणीतरी दहाची नोट ठेवली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता पुढ्यात ताट आलं. संध्याकाळपर्यंत चारशे सत्तर रुपये जमले. माद्रिदच्या लोकांना वाटलं, हे परके आहेत. पुण्याच्या लोकांना वाटलं, हा आपल्याच पेठेतला, शेजारच्या मंडळाचा. परकं व्हायला बसलेल्या माणसाला याहून मोठी थप्पड नाही.

त्यानंतर तो बरेच दिवस गप्प होता. २०२४ सालच्या व्हेनिसच्या साठाव्या बिएनालेचं शीर्षक जाहीर झालेलं होतं, 'सगळीकडे परकेच' अशा अर्थाचं. आद्रियानो पेद्रोसा या ब्राझिलियन क्युरेटरनं तीनशेहून जास्त कलाकार जमवले होते. स्थलांतरित, निर्वासित, आदिवासी, स्वतःच्याच देशात उपरे ठरलेले. कुणालाही आनंद व्हावा. इतर मात्र माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. "सर, सगळेच परके झाले तर मी काय करू?"

मग त्याला पाट्या सुचल्या. शिल्पा गुप्तांचं एक काम आहे, आडनाव बदललेल्या शंभर जणांच्या गोष्टींचं. कुणी धर्मामुळे, कुणी जातीमुळे, कुणी परदेशात जीभ वळेना म्हणून बदललं. ते पाहून इतरनं ठरवलं की आपण नावाच्या एकशे आठ कोऱ्या पाट्या टांगायच्या. निळ्या इनॅमलच्या, दारावर लावतात तशा. एकीवरही नाव नाही. काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीनं होकार दिला. मी भाषांतर केलं : 'नामहीनतेचा हा निळा आक्रोश.' आणि यावेळी, पहिल्यांदाच, त्यानं वडिलांना, आप्पांना, उद्घाटनाला बोलावलं.

आप्पा सकाळच्या गाडीनं आले. सत्तरीचे असतील. बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट, हातात पत्र्याची पेटी. चाळीस वर्षं त्यांनी तासगावात दुकानांच्या, बेदाण्याच्या अडत्यांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला. नंबरप्लेटा उरल्या होत्या, त्याही एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच लागून यायला लागल्या. पेटी मात्र ते कुठंही जाताना घेतात, का ते विचारायचं नसतं. गॅलरीत त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि काळजीच्या सुरात लेकाला म्हणाले, "आरं, बोर्ड कोरं का ठेवल्यात? रंग संपला व्हय?"

इतर परदेशी पाहुण्यांच्या स्वागतात होता. आप्पांशेजारी उभा होता गॅलरीतला चहावाला पोरगा. तो हळूच म्हणाला, "काका, तुम्ही लिहिता? माझं लिहाल?"

पुढचं मी हातभर अंतरावरून पाहिलं. आप्पांनी पाटी भिंतीवरून उतरवली, मांडीवर घेतली. खडू लावलेली दोरी काढली, एक टोक पोराला धरायला दिलं, ताणली आणि टिचकी मारली. निळ्यावर पांढरी रेघ उठली. खाली दुसरी. मग ओठ न हलवता पोराचं नाव दोनदा म्हणून बोटांनी जागा मोजली. डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं. ब्रश रंगात बुडवून डबीच्या काठावर निथळला आणि पहिल्या अक्षराचा काना वरून खाली असा उतरवला की माझा श्वास अडकला. अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी. ती त्यांनी एका दमात मारली. "छप्पर शेवटी टाकायचं," म्हणाले, "भिंती सरळ आल्यावर."

मागं रांग लागली होती. वॉचमन, कॅटलॉग विकणारी मुलगी, एक वकील. उंची अत्तर लावलेल्या एका बाईंना कुत्र्याच्या नावाची हवी होती. आप्पांनी शुद्धलेखन विचारून तीही केली. माझं जोडाक्षरांचं नाव त्यांनी एकदाही न पुसता लिहिलं. तेवीस पाट्या भरल्या तेव्हा इतर तिथं पोचला. "आप्पा! कोरेपण हाच आशय होता!" आप्पा म्हणाले, "आसू दे. पंच्याऐंशी हाईत की कोऱ्या अजून."

तो काही बोलणार इतक्यात परदेशी क्युरेटरबाई गुडघ्यावर बसून आप्पांचा हात बघायला लागल्या आणि पुटपुटल्या की हे सहनिर्मितीचं विलक्षण उदाहरण आहे. इतरनं तोंड मिटलं. रात्री साडेअकराला त्याचं सुधारित निवेदन माझ्याकडे आलं. त्यात आप्पा 'स्थानिक कारागिराचा हस्तक्षेप' झाले होते. मी भाषांतर करायला नकार दिला. इतकी वर्षं दुष्परिणामांच्या चिठ्ठ्या लिहितोय, तरी असा नकार मी कधी दिला नव्हता. तासाभरानं दुसरा मजकूर आला. त्यात 'माझे वडील' असं होतं. तो इंग्रजीत नव्हताच.

घोटाळा उघड झाला तो तिसऱ्या दिवशी. एका संग्राहकानं पाटी विकत घ्यायची ठरवली, कुत्र्याचीच, आणि प्रमाणपत्रासाठी सही तपासायला भिंग लावलं. उजव्या कोपऱ्यात, तांदळाएवढ्या अक्षरात, तेवीसही पाट्यांवर एकच सही होती : 'पेंटर, तासगाव' आणि खाली मोबाईल नंबर. साइनबोर्डवाले तशी करतातच. आप्पांना वेगळं काही केल्यासारखं वाटलंही नव्हतं. गॅलरीनं दोन दिवस विचार केला आणि प्रमाणपत्रावर दोघांची नावं घातली. आप्पांना त्यांचं आडनाव हवं होतं, त्यामुळे इतरचंही आलं.

माझी पाटी मी दाराला लावली आहे. रंग अजून ओला असल्यासारखा चमकतो. कुणाला घराची, दुकानाची करून हवी असेल तर मला सांगा, नंबर आहे माझ्याकडे. आप्पांचा दर अक्षरावर आहे आणि जोडाक्षराचे ते जास्त घेत नाहीत.